खड्ड्याचं उत्तर

महिन्याचा पहिला रविवार आला की मी सकाळपासून देवाचा धावा करायची, आणि आमचे हे बाथरूममध्ये शीळ घालत असायचे. शीळ अजिबात सुरात नसायची, कारण ती त्यांना स्वतःलाच ऐकू यायची नाही. मी ओट्याशी डबा भरत मनातल्या मनात म्हणायची, आजचा दिवस निभावून ने रे बाबा, पुढच्या महिन्याचं पुढच्या महिन्यात बघू.

हा नवस कशासाठी, तर जुन्या यंत्रांच्या संग्रहालयासाठी. आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर एक बंद पडलेली सूतगिरणी आहे. तिथली यंत्रं भंगारात जायची, पण काही वेड्या माणसांनी ती वाचवली आणि इंजिनाच्या दालनाचं संग्रहालय केलं. तिथं पगारी माणूस जवळजवळ नाहीच. आमच्यासारखी रिकामटेकडी माणसं रविवारी जातात, निळे कोट घालतात, पितळ घासतात, तेलपाणी करतात. आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी बॉयलर पेटवून ते मोठं वाफेचं इंजिन खरंखुरं चालवतात. लोक पोराबाळांना घेऊन बघायला येतात, टाळ्या वाजवतात. मी एकटीच असेन जिला ते चाक फिरायला लागलं की घाम फुटायचा.

ते चाक कसं आहे ते सांगते, म्हणजे मी उगाच घाबरत नव्हते हे कळेल. दुमजली घराएवढं लोखंडी चाक. त्याचा वरचा अर्धा भाग दालनात दिसतो आणि खालचा अर्धा जमिनीत, एका खोल खड्ड्यात. खड्ड्याच्या भिंती आणि चाक ह्यांच्यात माणूस आडवा होऊन कसाबसा मावेल इतकीच जागा. एक लोखंडी शिडी आत उतरते. इंजिन चालवण्याआधी कुणीतरी त्या खड्ड्यात उतरून खालचं गळलेलं तेल पुसायचं, चाकात काही अडकलेलं नाही ना ते बघायचं आणि वर यायचं. ते कुणीतरी म्हणजे आमचे हे.

आणि आमच्या ह्यांना ऐकू येत नाही.

अगदी ठार नाही. दार धाडकन लागलं तर मान वळवतात. पण बोलणं म्हणाल तर समोर उजेडात उभं राहून, ओठ दिसतील असं बोलावं लागतं. जन्म पत्र्याच्या कारखान्यात प्रेसवर गेला. दिवसभर डोक्यावर घण पडावा तसा आवाज. प्रेसनं एक बोट नेलं ते सगळ्यांना दिसलं, कान नेले ते मात्र कुणाच्या लक्षात आलं नाही. लेकीनं हौसेनं कानातलं यंत्र आणून दिलं होतं. जगाची यंत्रं दुरुस्त करतील, पण हे यंत्र कानात घालायचं म्हटलं की कपाळाला आठ्या. ते घातलं की सगळं जग एकदम केकाटतं म्हणतात आणि त्यात माणूस कुठला, भांडं कुठलं, काही कळत नाही. यंत्र शिलाईच्या डब्यात बटणांबरोबर पडून आहे.

निवृत्त झाल्यावर पहिलं वर्ष ते घरात नुसते बसून होते. कुणी आलं की हं हं करायचे, हसायचे तिथं गंभीर आणि गंभीर व्हायचं तिथं हसायचे, मग लोक हळूहळू माझ्याशीच बोलायला लागले. पुढं पुढं हे जेवणसुद्धा मागेनासे झाले. बोलावून बसवलं तर बसायचे. मी रात्री उठून त्यांच्या नाकाशी हात धरून बघायची. तेव्हाची भीती वेगळीच होती, ती कुणाला सांगताही येत नव्हती. मग कधीतरी ग्रंथालयाच्या फळ्यावर, संग्रहालयाला स्वयंसेवक हवेत अशी चिठ्ठी लावलेली दिसली, हे गेले, आणि महिन्याभरात माणूस माणसात आला. मीठ कमी पडलं म्हणून माझ्याशी भांडले. सांगते, लग्नानंतर मला इतका आनंद कधी झाला नव्हता.

पण इथंच घोडं पेंड खातं. संग्रहालयात एक कप्तान आहेत. खरे कप्तान नाहीत, जहाजावर इंजिन विभागात होते, पण सगळे कप्तानच म्हणतात आणि त्यांनाही ते आवडतं. त्यांचा नियम असा, की डोळे किंवा कान अधू असलेला माणूस चालत्या यंत्राजवळ नको; त्यानं तिकिटाच्या टेबलावर बसावं. नियम चुकीचा आहे असं मी कधीच म्हणणार नाही. मी ह्यांना घरी हजारदा सांगितलं, अहो, कप्तानांना खरं काय ते सांगून टाका. पालथ्या घड्यावर पाणी. "टेबलाशीच बसायचं तर घरचं टेबल काय वाईट आहे?" म्हणाले. मग मी तो विषय सोडला, कारण घरच्या टेबलाशी बसलेला तो माणूस मी वर्षभर पाहिला होता. मग मीही नाव दिलं, निळा कोट घेतला. यंत्रांत मला काडीचा रस नाही. मी त्यांचे कान म्हणून गेले.

हे काम मला जमायचंही. मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होते. आयुष्यभर इकडचं बोलणं तिकडे जोडून देण्यात गेलं. घरीही तेच. डॉक्टर काय म्हणाले, जावई काय म्हणाले, सगळं माझ्या तोंडून ह्यांच्याकडे जायचं. जाताना थोडं मऊ व्हायचं, हे कबूल. जावई म्हणाला, "बाबांना काय सांगून उपयोग," तर मी सांगायची, "तो म्हणतोय, बाबांना विश्रांती घेऊ द्या." एवढं तर कुणीही करील.

संग्रहालयात इंजिन सुरू करण्याची एक रीत आहे, तिला हाळी म्हणतात. कप्तान वर चौथऱ्यावर वाफेच्या व्हॉल्व्हच्या चाकाला हात लावून उभे असतात. तिथून त्यांना ना बॉयलर दिसत, ना खड्डा. मध्ये इंजिनाचं धूड आडवं येतं. म्हणून ते एकेक जागेचं नाव घेऊन ओरडतात आणि त्या जागेवरच्या माणसानं उत्तर द्यायचं. "बॉयलर?" की बॉयलरवाली पोरगी म्हणते, "तयार." ही पोरगी एरवी हॉस्पिटलच्या धोबीखान्यातला बॉयलर सांभाळते, परवानावाली आहे. मग "पट्टा?" तिथं मास्तर असतात, भूगोल शिकवायचे, आता यंत्रांना जोडलेल्या चामड्याच्या पट्ट्यावर नजर ठेवतात. ते म्हणतात, "मोकळा." मग "कठडा?" तिथं मी. लोक कठड्याच्या आत आलेले नाहीत ना ते बघून म्हणायचं, "मोकळा." आणि सगळ्यांत शेवटी "खड्डा?" ह्यांचं उत्तर आलं की कप्तान वाफ सोडतात. एका जरी जागेचं उत्तर आलं नाही तर वाफ सुटत नाही.

ह्यांना हाळी ऐकू यायची नाही, म्हणून आम्ही खूण ठरवली. खड्ड्याचं तोंड माझ्या जागेवरून समोरच दिसतं. हे वर आले, साखळी लावली, तिथं उभे राहिले, की माझ्याकडे बघायचे. कप्तान "खड्डा?" म्हणाले की मी केस नीट केल्यासारखा डोक्याला हात लावायचा. हे लगेच खणखणीत आवाजात म्हणायचे, "मोकळा." बघणाऱ्याला वाटावं, काय तिखट कानाचा माणूस आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची.

मी त्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा तपासून पाहिली होती. समजा हे खड्ड्यातच असले, तर मी हात लावणार नाही. मी हात लावला नाही तर हे उत्तर देणार नाहीत. उत्तर नाही तर वाफ नाही. रात्री झोप लागेना की मी हे असं मोजायची आणि मग झोप लागायची. ह्यात कुठं भोक आहे असं मला कधी वाटलं नाही.

त्या रविवारी गर्दी फार होती. कुठल्या तरी वर्तमानपत्रात फोटो आला होता म्हणे. कठड्याला माणसं चार-चार ओळींत, पोरं खांद्यावर, मोबाईल हवेत. सकाळपासूनच माझा जीव टांगणीला लागला होता. एक बाई बाबागाडी घेऊन कठड्याला अशी चिकटली की तिला मागं घेता घेता माझी दमछाक झाली. वर आणि मलाच म्हणते, "तुम्ही इथं कामाला आहात का?" म्हटलं, नाही, हौस म्हणून लोकांच्या गाड्या ढकलते.

तेवढ्यात हे खड्ड्यातून वर आले. मी पाहिलं, साखळी लावली, हात पुसले. मला हायसं वाटलं. मग ते वाकून खाली बघायला लागले. बेअरिंगखाली पुन्हा तेल ठिबकलं असणार, आणि ह्यांना ठिबकलेलं तेल दिसलं की राहवत नाही, घरी स्टोव्हवर दूध उतू गेलेलं दिसलं की राहवत नाही तसं. त्यांनी साखळी सोडलीसुद्धा नाही. तिच्यावरून टांग टाकली आणि शिडीनं परत खाली गेले.

मी मनात शिव्या घातल्या. पण घाबरले नाही, हे खरं. माझा तो हिशेब पक्का होता.

वरून कप्तानांची हाळी सुरू झाली. बॉयलर तयार. पट्टा मोकळा. मी बाबागाडी मागं लोटत ओरडले, "मोकळा." मग कप्तान ओरडले, "खड्डा?" मी हात खालीच ठेवला. मुद्दाम कोटाच्या खिशात घालून ठेवला. खड्ड्याच्या तोंडाशी कुणी नव्हतं, नुसती साखळी होती.

आणि उत्तर आलं, "मोकळा."

आवाज ह्यांचा नव्हता. ह्यांच्यासारखा काढलेला होता, जाड आणि लांबवलेला. पट्ट्याच्या बाजूनं आला. असं उत्तर येऊच शकत नव्हतं. मग वाफेचा फुस्स आवाज सुरू झाला, आधी सिलिंडरमधलं पाणी बाहेर काढतात तेव्हाचा, तो इतका मोठा असतो की लहान पोरं कान झाकतात. लोकांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली.

मी ओरडले, थांबा. मला स्वतःलाच माझा आवाज ऐकू आला नाही. कप्तान त्या धुडापलीकडे, वाफेत. हे खड्ड्यात, त्यांना तर मी कानाशी ओरडले असते तरी उपयोग नव्हता. एकीकडे ऐकू न येणारा नवरा, दुसरीकडे ऐकू न शकणारा कप्तान, आणि मध्ये मी, जिचा सगळा जन्म आवाज पोचवण्यात गेला. चाकाची वरची कड हलली. अगदी सावकाश, झोपेतून कूस बदलल्यासारखी. एक आरा खाली खड्ड्यात उतरायला लागला. खाली त्या आऱ्यांमधून हात घालूनच ते बेअरिंग पुसावं लागतं, हे मला माहीत होतं.

ते दालन जुनं, खिडक्या उंच आणि काजळीनं काळ्या. भरदुपारीही दिवे लावल्याशिवाय तिथं काही दिसत नाही. दिव्यांचा मुख्य खटका कठड्याच्या टोकाला भिंतीवर आहे. मी विचार करून गेले असं म्हणणार नाही. बाबागाडीवाल्या बाईला कोपरानं ढकललं, कुणाचा तरी पाय तुडवला, आणि तो खटका दोन्ही हातांनी खाली ओढला.

अंधार झाला. लोक आधी "ओऽऽ" म्हणाले, मग हसले. त्यांना वाटलं, हाही खेळातलाच भाग आहे.

अंधारात फक्त वाफ आणि चाक. चाकाचा आवाज होत नाही, पण जमिनीतून ते तळपायाला कळतं. आणि तेव्हा माझ्या मनात एक गोष्ट आली, ती आजही आठवते. ऐकू तर त्यांना येतच नव्हतं. आता मी त्यांचे डोळेही काढून घेतले होते. त्या खड्ड्यात, फिरत्या चाकाजवळ, मी माझ्या हातांनी त्यांना आंधळं केलं होतं. खटका पुन्हा वर करावा असं वाटलं आणि हात उचलेना. वर केला तर काय दिसेल, ह्या भीतीनं उचलेना.

वाफेचा आवाज थांबला. कप्तानांना नसेल ऐकू आलं, पण अंधार त्यांना दिसला होता, आणि काहीही वेगळं झालं की आधी वाफ बंद, हे त्यांच्या हाताला माहीत होतं. तरी तेवढं अवजड चाक लगेच थोडंच थांबतं. तळपायाखालची ती थरथर चालूच राहिली. मग कमी झाली. मग चाक जरासं मागं आलं आणि थांबलं. लोकही गप्प झाले, कारण मी रडत होते आणि ते आता ऐकू येत होतं.

दिवे बॉयलरवालीनं लावले. ती धावत येऊन माझा हात बाजूला करत म्हणाली, "काकू, काका कुठायत?" मी खड्ड्याकडे बोट केलं. तिकडे बघायची माझी छाती झाली नाही. मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. जे काही असेल ते मला तिच्या तोंडावर आधी दिसणार होतं. ते पांढरं पडलं होतं. आणि मग तिनं डोळे मिटून श्वास सोडला.

मग मी पाहिलं. शिडीच्या वरच्या दांड्यावर दोन हात आले. प्रेसनं नेलेलं बोट सोडून बाकीची सगळी बोटं होती. मग डोकं वर आलं. हे वर आले, साखळीवरून टांग टाकली. निळ्या कोटाची एक बाही कोपरापासून खाली फाटून लोंबत होती, हातावर लांब ओरखडा होता, त्यातून थोडं रक्त. चेहऱ्याचा रंग उडाला होता. आणि पहिलं वाक्य काय बोलले? "दिवे कुणी घालवले?" मी म्हटलं, मी. ते त्यांना दिसलं नाही, मी मान खाली घातली होती.

लोकांना बाहेर काढलं. इंजिन बिघडलं म्हणून सांगितलं. आम्ही सगळे हत्यारांच्या खोलीत जमलो, जिथं एरवी चहा पितो. ह्यांना खुर्चीवर बसवलं, बॉयलरवालीनं हात धुऊन पट्टी बांधली. त्यांनी मला सांगितलं, अगदी शांतपणे, की हात आऱ्यांच्या आत होता, चाक हललेलं कळायच्या आधी दिवे गेले. प्रेसखात्यात पहिल्या दिवसापासून शिकवलं होतं, दिवे गेले की हात काढायचा आणि भिंतीला चिकटायचं. हात निघाला, बाही फाटली.

कप्तान उभेच होते. त्यांनी विचारलं, "खड्ड्याचं उत्तर कुणी दिलं?"

मग मास्तर बोलले. भला माणूस. मुंगी दिसली तरी वळसा घालून जाईल असा. म्हणाले, "मी दिलं." ह्यांना ऐकू येत नाही हे मास्तरांच्या कधीच लक्षात आलं होतं, आणि मी खूण करते हेही. आज गर्दीत मी त्यांना दिसेना, म्हणजे ह्यांनाही दिसत नसेन असं वाटलं. मास्तरांच्या जागेवरून खड्ड्याची नुसती साखळी दिसते; ती लावलेली, म्हणजे हे वर आलेत असं त्यांनी धरलं. उत्तर आलं नाही तर सगळ्यांसमोर ह्यांचं पितळ उघडं पडेल. "म्हणून म्हटलं, आजच्या दिवस आपण सांभाळून घेऊ," असं म्हणाले आणि तोंड झाकून घेतलं.

मी त्यांना काय बोलणार होते? माझी जीभ एरवी कात्रीसारखी चालते. पण सांभाळून घेणं म्हणजे काय, हे मला ह्या खोलीत सर्वांत जास्त ठाऊक होतं.

बॉयलरवाली खाली बघत म्हणाली, मलाही माहीत होतं. काकांशी बोलायच्या आधी मी लादीवर पाय आपटते, म्हणजे ते वळतात. मग सगळ्यांनी कप्तानांकडे पाहिलं. ते म्हणाले की त्यांनाही संशय होता. पण प्रत्येक वेळी उत्तर येत होतं, आणि माणूस काम चोख करत होता. विचारलं असतं तर काढावं लागलं असतं.

म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. जो तो समजत होता की आपल्यालाच माहीत आहे, आणि जो तो आपापल्या परीनं झाकत होता. माझ्या त्या हिशेबात एवढी सगळी भली माणसं मी धरलीच नव्हती. चौघांच्या मायेनं मिळून त्या माणसाला चाकाखाली घातलं होतं. वैऱ्यापासून जपता येतं, भल्या माणसांपासून कसं जपायचं?

आणि हे बसले होते मधोमध. एकाच्या तोंडाकडून दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत. खोलीत उजेड कमी, कुणी मान खाली घालून बोलतंय, कुणी तोंड झाकून. त्यांच्याबद्दल बोलणं चाललंय एवढं त्यांना कळत असावं. त्यांनी मास्तरांच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "असू द्या, यंत्राला काही झालेलं नाही." मास्तर जास्तच रडायला लागले.

कप्तान मला बाजूला घेऊन म्हणाले, "वहिनी, आता पुढं नाही चालायचं. तिकिटाच्या टेबलावर येत असतील तर आनंदच आहे. पण चालत्या यंत्राजवळ पुन्हा नाही. तुम्हीच सांगा, तुमचं त्यांना कळतं."

मी खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसले, खिडकीकडे तोंड करून, म्हणजे माझे ओठ दिसतील. बाकीचे गुपचूप बाहेर गेले. माझ्या जिभेवर वाक्य तयार होतं. कप्तान म्हणतात, हात बरा होईपर्यंत विश्रांती घ्या. किती सोपं होतं. महिनाभर ढकललं असतं, मग आणखी महिनाभर. मी हे सांगितलं असतं तर खोलीबाहेरच्या एकानंही मला खोटं पाडलं नसतं, उलट साथ दिली असती. समोर ती फाटकी बाही लोंबत होती.

म्हटलं, "तुम्हाला ऐकू येत नाही हे सगळ्यांना माहीत आहे. आता तुम्हाला चालत्या यंत्राजवळ जाता येणार नाही. पुन्हा कधीच."

"काय?" ते म्हणाले.

मी पुन्हा सांगितलं. आवाज चिरकला, पण आवाजाचा तिथं काय संबंध. ओठ नीट हलवले. खड्ड्यात नाही, पट्ट्याजवळ नाही, कठड्याच्या आत नाही.

"काय म्हणतेस, नीट सांग."

तिसऱ्यांदा सांगताना मी त्यांचे दोन्ही हात धरले. एक शब्द इकडचा तिकडे केला नाही. मला वाटत होतं की मीच त्यांना पुन्हा त्या खड्ड्यात ढकलते आहे, आणि आता घालवायला दिवेही नाहीत. त्यांनी माझ्या तोंडावरची नजर काढली आणि पट्टी बांधलेल्या हाताकडे बघत राहिले.

"पहिल्यांदाच कळलं होतं," ते म्हणाले.

"मग का विचारत बसलात?"

"मी पुन्हा विचारलं की तू जरा बरं करून सांगतेस. डॉक्टरचं, जावयाचं, सगळ्यांचं. म्हटलं, हेही करतेस का बघू."

इतकी वर्षं समोरच्याचं मूळ वाक्यही ओठांवरून त्यांच्यापर्यंत पोचत होतं आणि माझं मऊ केलेलंही. आणि त्यांनी एकदाही मला तसं जाणवू दिलं नव्हतं.

"ह्याचं नाही करता आलं," मी म्हटलं.

त्यांनी मान डोलावली. मग उठले, कोटाची बटणं एका हातानं सावकाश काढली, मला मदत करू दिली नाही. कोट काढून झाल्यावर फाटकी बाही आत दुमडून घडी घातली आणि माझ्या हातात दिली. मी ती घेतली.